सातव्या मार्गावरची दुरुस्ती

तोयोसु, टोकियो
रविवार, १२ मार्च २००६

सत्यजित,

आईने काल फोनवर सांगितले की तू पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढणार नाहीस. तुमच्या गावच्या पर्यटन समितीची छापायची तयारी आहे, मजकूर त्यांना एकतीस जुलैपर्यंत हवा आहे, आणि तू ‘नको’ म्हणून मोकळा झालास. फ्रान्समधल्या ऑव्हर्नच्या डोंगरांतले बारा निवांत सायकलमार्ग तू सात वर्षे स्वतःच्या पायांनी मोजलेस. त्यासाठी भूशास्त्राची डॉक्टरेट अर्धवट टाकलीस आणि सायकली दुरुस्त करण्याचे दुकान काढलेस. या निर्णयाबद्दलचे माझे मत तुला माहीत आहे आणि ते बदललेले नाही. पण एक काम अर्धवट टाकून धरलेले दुसरे कामही अर्धवट टाकायचे, याला निर्णय म्हणत नाहीत.

ई-मेल तू उघडत नाहीस, म्हणून हे पत्र हाताने लिहीत आहे. दीड वर्षाने लिहीत आहे, याची मला जाणीव आहे.

तुझ्या नकाराचे कारण आई तिच्या शब्दांत सांगते: “त्याचा स्वतःवरचा विश्वास उडालाय गं.” सप्टेंबर २००४ मध्ये तुझे पुस्तक हाताशी धरून निघालेल्या हेंड्रिक नावाच्या निवृत्त डच शिक्षकांना सातव्या मार्गावर लाकडाच्या ट्रकने रस्त्याकडेच्या चरात ढकलले. मांडीचे हाड मोडले. ज्या रस्त्यावर हे झाले, तो रस्ता तुझ्या मार्गात असायलाच नको होता. एवढे सगळे मान्य. परंतु मी पुस्तकात १४३ दुरुस्त्या सुचवल्या होत्या. प्रत्येकीला क्रमांक, पान, ओळ आणि कारण होते. ती यादी तुझ्याकडे होती, आणि अंतिम फाइलवर ‘ठीक’ असा शेरा तू दिलास. अपघातानंतरच्या पत्रात मी हेच लिहिले होते. तो विषय मी पुन्हा उघडत नाही.

मी काय करणार आहे ते सांगते. मी सायकल घेतली आहे. सप्टेंबरमध्ये दोन आठवड्यांची रजा मंजूर करून घेतली आहे. तुझे बाराही मार्ग स्वतः चालवून प्रत्येक ओळ जागेवर तपासणार आहे. समितीची मुद्रिते ऑक्टोबरमध्ये निघतात, असे त्यांच्या संकेतस्थळावर लिहिले आहे. तेव्हा काही सापडलेच तर वेळ आहे. मात्र तू जुलैत मजकूर दिला पाहिजेस.

मी एकेचाळीस वर्षांची आहे आणि नववीनंतर सायकलला हात लावलेला नाही, हे तुझ्या मनात येईल. माझ्याही आले. साडेपाच महिने आहेत.

सुनेत्रा


तोयोसु
रविवार, ९ एप्रिल २००६

सत्यजित,

उत्तर नाही. अपेक्षित होते.

सायकल मी आमच्या वॉर्डाच्या जुन्या भागातल्या कुराता-सान यांच्याकडून घेतली. वय सत्तर, दुकान तीन माणसे उभी राहतील एवढे. मी चौकशीसाठी छापील कोष्टक करून नेले होते: वजन, गिअर, किमान गुणोत्तर. त्यांनी ते आदराने दोन्ही हातांनी घेतले, उलटे करून बाजूला ठेवले आणि विचारले, “चालवायला हवी आहे की परीक्षेला बसवायला?” मी सांगितले की फ्रान्सच्या डोंगरांत चालवायची आहे. त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिले. “मग सायकल चांगली आहे,” ते म्हणाले. बाकीचे वाक्य त्यांनी सौजन्याने गिळले.

तेव्हापासून रोज पहाटे नदीच्या बांधावर वीस किलोमीटर. रस्ता सपाट, वारा समोरून. कचेरीत माझ्या हाताखाली अंबरीष नावाचा कोल्हापूरचा मुलगा आहे. आम्ही मोटारींना वाट दाखवणाऱ्या यंत्रांचे नकाशे तयार करतो. तो आमच्यातला सर्वांत हुशार आणि सर्वांत अव्यवस्थित. त्याला सुगावा लागला. “मॅडम, रिलीज डेट काय?” असे तो रोज विचारतो. मी त्याला ‘दोन सप्टेंबर’ सांगितले. आता त्याने माझ्या टेबलावर चिकटपट्टीने एक आलेख लावला आहे. त्यात आठवड्याचे किलोमीटर तो स्वतःच्या हाताने भरतो, आणि तेही चुकीच्या प्रमाणात.

ट्रेनमधून येता-जाता तुझे पुस्तक पुन्हा वाचते आहे. छापील नव्हे, तू मला प्रथम पाठवलेला मसुदा. तिसऱ्या मार्गात तू लिहिले होतेस (तुझे इंग्रजी मला मराठीतच ऐकू येते): ‘चर्चसमोरच्या झाडाखाली पाणी भरून घ्या. इथून पुढे रस्ता बैलगाडीएवढाच आहे. दुपारपर्यंत तीन मोटारी भेटतील, त्यांतली एक टपालवाल्या बाईंची. त्या हात करतात, तुम्हीही करा.’ माझ्या यादीत ही ओळ क्रमांक ६१ वर आहे: अप्रस्तुत, वगळावी. तू वगळलीस. तू एकूण एक दुरुस्ती स्वीकारलीस, सत्यजित, एकीवरही वाद घातला नाहीस. लहानपणी कॅरमच्या नियमांवरून तासन्‌तास भांडणारा मुलगा तू. मला ते तेव्हाच खटकायला हवे होते. मी ते माझ्या अचूकतेचे प्रमाणपत्र समजले.

मजकुराचा निर्णय कळव.

सुनेत्रा


तोयोसु
रविवार, ३० एप्रिल २००६

प्रिय सत्यजित,

तुझे कार्ड मंगळवारी मिळाले. पाच ओळी, पण मिळाल्या. तुझ्या शब्दांत त्या इथे उतरवते, म्हणजे आपण दोघे एकाच मजकुराबद्दल बोलत आहोत हे स्पष्ट राहील:

‘ताई, तुझी यादी मी पुन्हा तीनदा वाचली. एक ते एकशे त्रेचाळीस. सातव्या मार्गाचा तो रस्ता त्यात नाहीच. म्हणजे तो बदल मीच कधीतरी केला असणार, आणि मला काहीही आठवत नाही. आपण काय लिहिलं हे ज्याला आठवत नाही, त्याने लोकांना रस्ते दाखवू नयेत. सायकल घेतलीस, छान केलंस.’

पुस्तक छापायला गेले त्या हिवाळ्यात तू फार थकलेला होतास. दुकान नवे होते, घराचे छप्पर गळत होते, तू मला तसे लिहिलेही होतेस. थकलेल्या माणसाच्या हातून एखादी ओळ इकडची तिकडे होऊ शकते. त्यावरून स्वतःच्या सगळ्या स्मरणशक्तीवर काट मारणे अतिरेकाचे आहे. बाकीच्या अकरा मार्गांत एकही चूक निघालेली नाही, हे तू विसरतोस.

आता माझी प्रगती. काल प्रथमच डोंगरात गेले. इथे सायकल ट्रेनमध्ये न्यायची तर तिची चाके काढून, सगळे एका पिशवीत बांधून न्यावे लागते. पिशवीबाहेर तिचे टोकही दिसता कामा नये. हा नियम मला फार आवडला. त्याचे पालन करायला स्टेशनाच्या दारात सत्तेचाळीस मिनिटे लागली. अंबरीष स्वतःची सायकल दहा मिनिटांत बांधून, दुकानातून ओनिगिरी म्हणजे भाताचा गोळा आणून, तो खाऊन, माझ्यासमोर बसून राहिला. “मॅडम, मदत करू?” “नको.” “चेन उलटी अडकलीय.” “दिसते आहे मला.” “बरं.” आमच्या दोन ट्रेन निघून गेल्या.

चढ साडेपाच किलोमीटरचा होता. तिसऱ्या किलोमीटरला उतरले. पुढे चालत गेले, आणि माथ्यावर पोहोचले तेव्हा मागून आलेली, पाठीवर भाजीची टोपली बांधलेली एक आजी साध्या घरगुती सायकलवरून मला ‘गांबात्ते’, म्हणजे ‘जोर लाव’, म्हणून पुढे निघून गेली. तिने ते मनापासून म्हटले, म्हणून जास्त लागले.

येत्या रविवारी तोच चढ पुन्हा.

सुनेत्रा


तोयोसु
रविवार, ४ जून २००६

प्रिय सत्यजित,

तो चढ मी गेल्या रविवारी न उतरता पूर्ण केला. मे महिन्यात सहा वेळा गेले. पाचव्या वेळेपर्यंत उतरत होते, सहाव्या वेळी नाही. कुराता-सान यांना सांगितले, तर त्यांनी दोन मिनिटे सायकलची चेन तपासली आणि म्हणाले, “चेन ठीक आहे. म्हणजे खरेच तुम्ही चढलात.” ही त्यांची शाबासकी होती, असे अंबरीषचे मत.

काल आम्ही चिचिबूच्या डोंगरात गेलो. मार्ग मी आखला होता. एका ठिकाणी दोन पर्याय होते: दरीतून सरळ चार किलोमीटर, किंवा डोंगराच्या मागून वळसा घेऊन अकरा. अंबरीष थांबला.

“मॅडम, इथून नको. कुराता-सान म्हणाले होते, मागून जा.”

“अंबरीष, नकाशात दोन्ही रस्ते सारखेच बारीक आहेत.”

“नकाशा आपणच बनवतो ना मॅडम, म्हणून तर सांगतोय.”

मी सरळ रस्त्याने निघाले. तो बिचारा मागून आला. दुसऱ्या वळणानंतर पुढे चुनखडीची खाण असल्याचे कळले, कारण खाणीचे ट्रक सुरू झाले. रस्त्याला कडा नाही. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला गटार. ट्रक दर दोन मिनिटांनी. ते वाईट चालवत नव्हते, सत्यजित. त्यांचा तो रस्ता आहे, ते त्यांचे काम करत होते. चौथा ट्रक गेला तेव्हा त्याच्या वाऱ्याने मला भिंतीकडे ओढले आणि मी दोन्ही पाय जमिनीवर टाकून उभी राहिले. नंतर हात हँडलवरून सुटेनात. अंबरीषने एकेक बोट सोडवले. आम्ही उरलेला रस्ता पायी, भिंतीला चिकटून पार केला.

त्या चार किलोमीटरला आम्हांला एक तास दहा मिनिटे लागली. अकरा किलोमीटरना पन्नास लागली असती.

मी या प्रसंगाचा कोणताही अर्थ काढत नाही. घडले ते लिहिले.

आज सकाळी आईचा फोन होता. तू वह्या माळ्यावर टाकल्यास, आणि ऑगस्टपासून लाकडाच्या वखारीत नोकरी धरणार आहेस, दुकान बंद करून. “त्याला काहीतरी सांग, सुनेत्रा. तुझं तो ऐकतो. लहानपणापासून ताई म्हणाली की झालं,” असे ती म्हणाली. मी तिला म्हटले, “बघते.” तिने विचारले, “तुझा आवाज का असा?” मी सर्दी सांगितली.

सुनेत्रा


तोयोसु
रविवार, २५ जून २००६

प्रिय सत्यजित,

सातव्या मार्गावरचा तो बदल तू केलेला नाहीस. मी केला.

हे वाक्य पहिले असावे म्हणून हे पत्र तीन आठवडे रखडले. त्याआधी काय लिहावे याचे अकरा मसुदे झाले. आधी लिहिण्यासारखे काहीच नव्हते.

आमच्या कचेरीत दोष सापडला की ज्याचा दोष, त्याने एका कागदावर पाच वेळा ‘का’ विचारायचे असते, आणि प्रत्येक उत्तराला पुढचा ‘का’ लावायचा असतो. अकरा वर्षे मी हा कागद इतरांकडून लिहून घेत आले. उत्तर गुळमुळीत असले की लाल शाईने परत पाठवते. आज माझा कागद लिहिते.

ओळ का बदलली? कारण तू लोकांना चार किलोमीटरच्या जागी अकरा किलोमीटर फिरवत होतास, आणि त्या वळशावर तुझ्या एका मित्राचे शेतघर होते, जिथे कॉफी मिळते असे तूच लिहिले होतेस. मी ठरवून टाकले की वळसा कॉफीसाठी आहे. सरळ रस्त्याने सकाळभर लाकडाचे ट्रक उतरतात, हे मला माहीत नव्हते. नकाशावर तो बाकीच्यांइतकाच बारीक आणि पांढरा होता.

तुला का विचारले नाही? एका ओळीचा ई-मेल पुरला असता. पण विचारायचे म्हणजे असे मान्य करायचे, की मला कागदावर न दिसणारी एखादी गोष्ट तुला पायांनी कळलेली असू शकते. डॉक्टरेट सोडलेल्या धाकट्या भावाला.

यादीत का लिहिले नाही? हे उत्तर नीट वाच, कारण तू ती यादी तीनदा वाचलीस. यादी तुला पाठवून दोन दिवस झाले होते. सोबतच्या पत्रात मी लिहिले होते की ही यादी संपूर्ण आहे. अंतिम फाइल बांधताना हा वळसा माझ्या नजरेस पडला. एकशे चव्वेचाळिसावी दुरुस्ती लिहायची तर यादीची दुसरी आवृत्ती काढावी लागली असती. इथे दुसरी आवृत्ती म्हणजे पहिली चुकली याची लेखी कबुली. तिला माफीचे पान जोडायचे असते. मी आजवर कोणत्याही यादीची दुसरी आवृत्ती काढलेली नाही. सगळ्या मजल्याला ते माहीत आहे. म्हणून मी फाइलमध्येच ती ओळ बदलली आणि यादी तशीच स्वच्छ ठेवली. फाइल तुझ्याकडे आली. तू ती वाचली नाहीस, यादी वाचलीस आणि ‘ठीक’ लिहिलेस, कारण ताईने ‘संपूर्ण’ म्हटले होते.

अपघातानंतर का सांगितले नाही? तू विचारले होतेस, ‘ताई, हे कसं झालं?’ मी उत्तर दिले: यादी तुझ्याकडे होती, शेरा तुझा होता. त्यातला शब्द न्‌ शब्द खरा आहे. मी ते वाक्य दोनदा तपासून पाठवले होते.

आणि एप्रिलमध्ये तुझे कार्ड आल्यावर मी ‘तू थकलेला होतास’ असे का लिहिले? इथे मला कारण सापडत नाही. मला चुकलेली पाहायची तुला सवय नाही, आणि ती लावायची माझी इच्छा नव्हती, एवढेच लिहिता येते. हा कागद माझ्या हाताखालच्या कोणी दिला असता तर मी परत पाठवला असता. तूही पाठवू शकतोस.

यासोबत तीन गोष्टी आहेत. तुझ्या मूळ मसुद्यातले सातव्या मार्गाचे पान, तुझ्या तारखेसह. माझ्या अंतिम फाइलची सीडी, तिच्यावर बदलाची तारीख आणि माझे नाव दिसते. आणि मी समितीच्या अध्यक्षांना व हेंड्रिक यांना लिहिलेल्या पत्रांच्या प्रती. अध्यक्षांचे पत्र माझ्या शाळकरी फ्रेंचमध्ये आहे. त्यात व्याकरणाच्या चुका असतील. कोणाला दाखवून घेतले नाही. दोन्ही पत्रे काल टपालात टाकली, तुझी परवानगी न घेता, म्हणजे आपल्या दोघांपैकी कोणालाही ती आता थांबवता येणार नाहीत.

आईला आज सकाळी सांगितले. ती म्हणाली, “पोरगा दोन वर्षं फोनवर बोलताना वह्या चाळायचा गं, पानं ऐकू यायची.” मी फोन ठेवला नाही. ती ठेवेपर्यंत थांबले.

क्षमेचा विषय मी काढत नाही. तो तुझा आहे आणि त्याला मुदत नाही. मजकुराला आहे. एकतीस जुलैला पाच आठवडे उरले. तुझी स्मरणशक्ती शाबूत आहे, तुझ्या नोंदी बरोबर होत्या, तुझा वळसा बरोबर होता. वह्या माळ्यावरून खाली काढ.

ताई


तोयोसु
रविवार, २३ जुलै २००६

प्रिय सत्यजित,

तुझे पत्र गुरुवारी आले. मी ते कचेरीत उघडले नाही. घरी येऊन, हात धुऊन, टेबलाशी बसून वाचले.

तू लिहितोस की पत्र दुकानात उभ्यानेच वाचलेस, आणि नंतर एका गिऱ्हाइकाची चेन बसवताना ती तीनदा चुकली. लिहितोस, ‘दोन वर्षं मी मला वेडा समजत होतो, ताई. तू मला तसं समजू दिलंस. हेंड्रिकच्या खाटेशी बसून मी त्यांची माफी मागितली, तुझ्या वतीनं, आणि मला ते माहीतसुद्धा नव्हतं.’ या ओळींवर मला काही म्हणायचे नाही. त्या बरोबर आहेत.

मजकूर समितीला गेला, सातवा मार्ग तुझ्या मूळ शब्दांत गेला, वखारीला तू नकार कळवलास: हे तीन निर्णय मी आईला लगेच कळवले. तिने शेजारच्या कुमुदिनीकाकूंना बोलावून पुन्हा एकदा माझ्याकडून वदवून घेतले. हेंड्रिक यांचे उत्तर आलेले नाही. ते यावे अशी अपेक्षा करण्याचा मला अधिकार नाही.

आता तुझी अट. ‘सप्टेंबरमध्ये येऊ नकोस. मी नीट बोलणार नाही आणि तू नीट ऐकणार नाहीस. मेमध्ये ये, तेव्हा डोंगर पिवळ्या फुलांनी भरतो आणि मीही जरा बरा असेन.’ मी दुपारपर्यंत या अटीविरुद्ध चार मुद्दे काढले. चारही भक्कम आहेत. ते लिहिणार नाही. तिकीट रद्द केले आणि मे महिन्याचे काढले. रजेचा अर्ज बदलताना विभागप्रमुखांनी कारण विचारले, तर ‘भावाचे म्हणणे’ असे सांगितले. त्यांनी तेवढेच लिहून घेतले. अंबरीषने टेबलावरचा आलेख फाडून नवा लावला. या वेळी प्रमाण बरोबर आहे, कारण मी पट्टी धरून उभी होते.

काल त्याच्याबरोबर पुन्हा चिचिबूला गेले आणि डोंगरामागचा वळसा घेतला. अकरा किलोमीटरना छप्पन्न मिनिटे लागली. मी पन्नास म्हटले होते, ते चुकले. वाटेत एकच मोटार भेटली. एका घराच्या अंगणात दोन बायका बटाटे पसरत होत्या, त्यांनी आम्हांला थांबवून गार बार्लीचा चहा पाजला. मी त्यांचा रस्ता नकाशावर कुठे लागतो ते विचारले. “नकाशावर?” त्यातली एक हसली. “आम्ही इथेच असतो.”

मे महिन्यापर्यंत दर रविवारी चढ. तोवर मी तुला काहीही सुचवणार नाही, मुद्रितेही मागणार नाही. पुस्तक छापून आले की एक प्रत पाठव. मी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणार, हे तुला ठाऊक आहे, आणि मला त्यात चुका सापडणार, हेही. पण त्यांतली एकही मी तुला इथून कळवणार नाही. मेमध्ये त्या त्या वळणावर जाऊन उभी राहीन, आजूबाजूला नीट पाहीन, आणि तरीही ती चूकच वाटली तर तिथेच, तुझ्या तोंडावर सांगेन. तू मात्र तेव्हा माझ्याशी भांडले पाहिजेस.

तुझी
ताई